बोरवाडीच्या खिचडीतली पाल

१

फोन आला तेव्हा मी शहरात, औरंगपुऱ्यात एका प्रशिक्षणाला बसले होते. पडद्यावर तक्ते सरकत होते आणि मागच्या रांगेतले दोघे डुलक्या काढत होते. फोन संध्याचा होता. संध्या आमच्या शाळेत खिचडीच्या कामाला मदतनीस आहे. ती मला कधी फोन करत नाही.

"मॅडम, पोरं ओकायला लागलीत," ती म्हणाली. "नऊ जण हायेत. सरकारी दवाखान्यात आणलंय. तुमी या."

मी दिपाली. दौलताबादच्या किल्ल्यापलीकडे बोरवाडी म्हणून एक वस्ती आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हर्सूलहून रोज स्कूटीवर जाते. पहिली ते चौथी मिळून मुलं तेवीस आणि शिक्षक दोघं, मी आणि मुख्याध्यापक अजिनाथ सर. त्या दिवशी मी शहरात होते, म्हणजे सगळी मुलं सरांच्या एकट्याच्या अंगावर होती.

वॉर्डात पोहोचले तर एकेका खाटेवर दोन-दोन मुलं. पहिलीतली कावेरी मला बघून हसली आणि पुन्हा ओकली. सर एका खाटेजवळून दुसरीजवळ जात होते. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या भिजलेल्या होत्या. संध्या एका मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "धोका टळलाय. उद्या घरी न्या." त्यांचे पाय धरायचेच मी बाकी ठेवले होते.

तेवढ्यात नानासाहेब आले. हे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, वाडीतले मोठे बागायतदार. त्यांचा नातू शिवतेज दुसरीत आहे आणि तोही त्या नऊ जणांत होता. नानासाहेबांनी नातवाच्या कपाळाला हात लावला आणि मग मोबाइल सरांच्या समोर धरला.

"ही बघा तुमची खिचडी."

फोटोत शाळेचं मोठं पातेलं होतं. पातेल्यात तळाला उरलेली पिवळी खिचडी, आणि खिचडीवर मधोमध एक पाल उताणी पडलेली.

"चार वाजता आमी चौघं शाळेत गेलो. झाकण काढलं तर ही निघाली. आता सांगा, पोरं कशानं ओकली."

सर भिंतीला टेकले. "भामाबाई काय म्हणाल्या?"

भामाबाई म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हापासून त्याच शिजवतात.

"पायरीवर बसली होती," नानासाहेब म्हणाले. "विचारलं तर म्हणती, माझीच चूक हाय. कबूलच केलं की तिनं."

२

दुसऱ्या दिवशी शाळेत सहा मुलं आली.

बाकीची का आली नाहीत हे कुणाला विचारायची गरज नव्हती. वाडीच्या फाट्यावर इंग्रजी शाळेची व्हॅन रोजच्यापेक्षा जास्त वेळ थांबली होती आणि तिच्याभोवती आयाबाया उभ्या होत्या. वीसच्या आतल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळणार, अशी चर्चा वर्षभर चालू होती. आम्ही त्या आकड्याच्या जेमतेम वर होतो. चार घरांनी दाखले नेले की संपलं. जवळची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे आहे. तो रस्ता ओलांडून पहिलीतली पोर रोज कशी जाणार, याचा विचार मी करत नसे, कारण केला की झोप येत नसे.

दहाच्या सुमाराला एक रिक्षा दारात थांबली. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडीतल्या बाई उतरल्या. खांद्याला पिशवी आणि हातात पाण्याची बाटली.

"मी विशाखा खिल्लारे. शिक्षण विस्तार अधिकारी. चौकशीला पाठवलंय."

त्यांची एक सवय मला लगेच कळली. प्रश्न विचारला की त्या गप्प बसत. उत्तर आल्यावरही गप्पच बसत, आणि मग समोरचा माणूस आणखी थोडं बोले.

आधी त्या ऑफिसातल्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तिथं दर वर्षाचा पट रंगानं लिहिलेला आहे. "दोन हजार चारला एकशे बेचाळीस," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "दहा वर्षांनी एकाहत्तर. आता तेवीस. तेव्हा एका वर्गात किती बसायची, सर?"

"पहिलीला चाळीसच्या वर," सर म्हणाले. "चार वर्ग, चार खोल्या, चार शिक्षक. व्हरांड्यात सुद्धा बसवायचो. आता पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत."

"आणि उरलेल्या दोन?"

"मागच्या दोन्ही बंद आहेत. पाच-सहा वर्षं झाली."

मला वाटलं, बाई वेळ घालवताहेत. पाल पातेल्यात निघाली होती, भिंतीवर नाही.

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. सर जे झालं ते सरळ सांगत गेले. साडेअकराला खिचडी वाढली. नेहमीप्रमाणे पहिलं ताट सरांनी घेतलं आणि मुलांत बसून संपवलं. मग मुलं खेळायला गेली. दीडच्या सुमाराला पहिलं मूल ओकलं.

"तुम्हाला काही झालं नाही?"

"नाही," सर म्हणाले. "मीही रात्रभर हाच विचार करतोय."

"मधल्या वेळात तुम्ही कुठं होता?"

सरांचा चेहरा उतरला. "ऑफिसात. वरून फोन आला होता, पटाची माहिती आत्ताच्या आत्ता भरा म्हणून. रेंज येत नव्हती. मोबाइल घेऊन खिडकीशी उभा होतो."

भामाबाई आल्या त्या दाराशीच उभ्या राहिल्या. बस म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"पाल पडली असंल वरून," त्या म्हणाल्या. "माझं ध्यान नव्हतं. मला काढून टाका, मॅडम. दुसरी बाई बघा, म्हंजे पोरं येतील."

"मावशी, पातेलं रोज कधी घासता?"

"पोरं जेवली की लगेच. पयलं पातेलं, मग ताटल्या."

"आणि उरलेली खिचडी?"

"डब्यात भरून घरी नेते. कोंबड्यांला."

"काल पातेलं घासलं नव्हतं?"

भामाबाईंनी पदर सारखा केला. "राह्यलं."

विशाखाबाईंनी स्वयंपाकखोलीकडे नजर टाकली. मांडणीवर तेवीस ताटल्या ओळीनं लावलेल्या होत्या, घासून लख्ख. त्या बराच वेळ ताटल्यांकडे बघत राहिल्या. भामाबाई मात्र जमिनीकडे बघत होत्या.

३

दुपारी नानासाहेब आले. त्यांना भामाबाईंवर पोलिसांत तक्रार हवी होती.

"शाळा बंद पडली तर ह्या जागेचं काय होईल?" विशाखाबाईंनी मधेच विचारलं.

"गावाच्या कामाला येईल. किल्ला बघायला येणाऱ्या गाड्या उभ्या करायला जागा नाय. मी ठरावात मांडलंय ते. लपवून काय करायचं?" मग त्यांचा आवाज चढला. "पण माझा नातू बी तिथं ओकत होता, बाई. म्या पाल टाकीन का खिचडीत?"

व्हॅनवाला रामप्रसाद वाडीतलाच. तोही बोलायला कचरला नाही. "मालकानं सांगितलंय, बोरवाडीची पोरं आणा, पयल्या साली फी नाय. ते माझं कामच हाय. पण काल फाट्यावर मीच उभा होतो. सर पोराला उचलून पळत आले. म्या समदी पोरं गाडीत घातली आन् निघालो. संध्या होती, सर होते. पुरी गाडी खराब झाली. पोरं वाचली, बस झालं."

"भामाबाई गाडीत नव्हत्या?"

"नाय. जागाच नव्हती. पन गाडी निघता निघता खिडकीशी आली होती. संध्याला कायतरी म्हणली."

"काय?"

"ऐकलं नाय. पोरं लई रडत होती."

संध्याकाळी विशाखाबाई मला घेऊन घरोघर गेल्या. मुलं दवाखान्यातून परत आली होती. नानासाहेबांच्या घरी त्यांची सून मेघा, म्हणजे शिवतेजची आई, चहा घेऊन आली. नानासाहेब शेतात गेले होते.

"काल शिवतेजनं किती खिचडी खाल्ली?" विशाखाबाईंनी विचारलं.

मेघानं कप खाली ठेवला. "तो खिचडी खात नाय. डबा नेतो घरून."

"रोज?"

"रोज. मामंजींना चालत नाय शाळेतलं."

"का चालत नाही?"

मेघा फरशीकडे बघत राहिली. विशाखाबाईही गप्प राहिल्या, आणि या वेळी मला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. भामाबाई आंबेडकरांच्या लोकांतल्या. विशाखाबाईही त्याच समाजातल्या.

"पण तुम्ही खरं सांगितलंत," बाहेर पडताना विशाखाबाई तिला म्हणाल्या. "त्याबद्दल आभार."

रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "मॅडम, ज्यानं खिचडी खाल्लीच नाही तो ओकला. आणि सरांनी ताटभर खाल्ली तर त्यांना काही झालं नाही."

"म्हणजे खिचडीचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "आता लहान मुलांना विचारू. मोठ्यांचं ऐकून झालं."

कावेरी तिच्या आजीजवळ, बानाबाईजवळ, गोधडीत बसली होती. गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या. विशाखाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ तिच्या शेळ्यांची नावं विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल खेळताना काय खाल्लंस गं?"

कावेरीनं आजीकडे बघितलं. "सर रागवतील."

"मी सरांची मोठी मॅडम आहे. मी सांगितलं तर नाही रागावणार."

कावेरी त्यांच्या कानाशी वाकली, पण तिला हळू बोलायची सवय नव्हती. मला ऐकू आलं.

"आमी बदाम खाल्ले."

बानाबाई म्हणाली, "बदाम? या वाडीत कुठं आले गं बदाम?"

४

सकाळी आम्ही शाळेच्या मागे गेलो. खरं सांगायचं तर तीन वर्षांत मी तिकडे चार-दोन वेळाच गेले असेन. मुलांना तिकडे जायला बंदी होती. गवत कमरेएवढं वाढलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तर तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. आणि कुंपणाच्या कडेनं हारीनं झाडं उभी होती, रुंद पानांची, फांद्यांना सुकून काळपट झालेली फळं लटकलेली.

"चंद्रज्योत," सर म्हणाले. "शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून मीच कुंपणाला लावून घेतली होती. तेव्हा दोन हात सुद्धा उंच नव्हती."

विशाखाबाईंनी एक फळ फोडलं. आतून तीन काळ्या बिया निघाल्या. एका बीचं टरफल काढलं तर आतला गर पांढरा आणि बदामासारखा. त्यांनी तो लगेच फेकून दिला आणि बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले.

"गोड लागतो म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मुलं खातात. दर वर्षी कुठं ना कुठं ही विषबाधा होते."

मग त्यांनी मागच्या बंद खोल्यांकडे बघितलं. दोन्ही खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या.

"सर, इथं पूर्वी काय होतं?"

"कबड्डीचं मैदान. गवताची काडी उगवत नव्हती. शंभर-सव्वाशे पोरं रोज तुडवायची."

"आणि या खिडक्यांतून वर्गातले शिक्षक मैदान बघायचे."

"हो."

"पट गेला, तसं मैदान गेलं आणि बघणारे डोळेही गेले," त्या म्हणाल्या. त्या सरांना दोष देत नव्हत्या, पण सर पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

विशाखाबाई झाडांखाली फिरत होत्या. एका ठिकाणी त्या थांबल्या. सगळीकडे पालापाचोळा होता, पण तिथली माती मोकळी होती. तिच्यावर झाडूच्या काड्यांचे फराटे उमटलेले होते. दगडांच्या फटीत चार-पाच टरफलं अडकून राहिली होती.

"कुणीतरी इथं झाडलंय," त्या म्हणाल्या. "मुलांनी काय खाल्लं हे कुणालातरी कळलं होतं. आणि ते दुसऱ्या कुणाला कळू नये असं त्याला वाटत होतं."

तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पालीची गोष्ट ऐकली आणि चष्मा काढला.

"पाल कुठून आली? मी केसपेपरवर बियांमुळे विषबाधा असं लिहिलंय. तुमच्यातल्याच एका बाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं, चंद्रज्योत खाल्ली असेल म्हणून. बरं झालं सांगितलं. उपचाराला दिशा मिळाली. नंतर मला कुणी काही विचारलंच नाही."

मी तर संध्याकाळपर्यंत डॉक्टरांशी एक शब्द बोलले नव्हते. बाहेर आल्यावर विशाखाबाई म्हणाल्या, "गाडीत बाई एकच होती."

"संध्या. पण तिला कसं कळलं? ती तर स्वयंपाकखोलीत होती."

"तेच तर." त्या रिक्षात बसल्या. "सगळ्यांना बोलवायचं नाही. सर, तुम्ही, संध्या आणि भामाबाई. आणि नानासाहेबांकडून तो फोटो मागवून घ्या."

५

आम्ही पहिलीच्या वर्गात बसलो. विशाखाबाई मुलांच्या बाकावर बसल्या होत्या आणि मोबाइल त्यांनी मांडीवर ठेवला होता.

"शिजत्या खिचडीत पाल पडली असती तर तिचं कातडं राहिलं नसतं," त्या म्हणाल्या. "ही अख्खी आहे, कोरडी आहे आणि वर आहे. म्हणजे नंतर ठेवलेली. एवढं तर कुणालाही दिसेल. आता पातेलं बघा. खिचडी शिजली की काठाला डाळीचा पिवळा पापुद्रा धरतो. या फोटोत काठ लख्ख आहे. ताटल्याही लख्ख होत्या. मावशी, तुम्ही आधी पातेलं घासता आणि मग ताटल्या. त्या दिवशीही तसंच केलंत. पातेलं घासून झालं होतं."

विशाखाबाईंनी मोबाइल बाजूला ठेवला.

"म्हणजे घासलेल्या पातेल्यात कुणीतरी खिचडी परत ओतली आणि तिच्यावर पाल ठेवली. शाळेचं वाईट करायला बाहेरचा माणूस आला असता तर पाल घेऊन आला असता. खिचडी कुठून आणली असती? उरलेली खिचडी एकाच घरी जाते."

संध्या रडायला लागली. "मला त्यांनी गाडीच्या खिडकीतून सांगितलं, डॉक्टरला सांग, चंद्रज्योत खाल्लीय. आन् दुसऱ्या कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातली. पालीचं मला खरंच ठाव नव्हतं, मॅडम."

सर उभे राहिले. "भामाबाई, तुम्ही?"

"व्हय," भामाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. "कावेरीच्या मुठीत टरफल होतं. बघितलं आन् समजले. तुमी गाडीत बसून गेला. बाकीच्या पोरांला घरी धाडलं आन् मी मागं जाऊन झाडून काढलं. मेलेली पाल बंद खोलीच्या खिडकीत पडलेली होती."

"पण का? स्वतःवर का घेतलंत?"

"बाई बदलली तर शाळा ऱ्हाती, सर. तुमाला घरी बसवलं तर ऱ्हाती का? एकटी दिपाली मॅडम काय काय करील?" त्या थांबल्या. मग विशाखाबाईंकडे वळून बोलल्या, कारण सरांकडे बघून त्यांना ते सांगता येत नव्हतं. "मी खिचडीला लागले तवा निम्म्या वाडीनं पोरांला डबे दिले. माझ्या हातचं नको म्हणून. सरांनी पयलं ताट घेतलं, पोरांच्या मधी बसले आन् खाल्लं. दुसऱ्या दिशी बी. तिसऱ्या दिशी बी. एक शब्द कुणाला बोलले नाय. हळूहळू डबे बंद झाले. तवापासून आजपर्यंत पयलं ताट सरांचंच हाय. त्यांच्यावर बालंट आलेलं मला बघवलं नसतं."

"मला विचारायचं तरी," सर म्हणाले.

"विचारलं असतं तर तुमी खरं सांगून मोकळे झाला असता."

मग विशाखाबाई म्हणाल्या, "मावशी, डॉक्टरांना निरोप पाठवला नसता तर मी तुम्हाला माफ केलं नसतं. तो पाठवलात म्हणून नऊ मुलं नीट घरी आली. पण शाळा वाचवायला म्हणून खोटं बोललात आणि त्याच खोट्यामुळे सतरा मुलं घरी बसलीत. आता खरंच सांगावं लागेल."

"सरांचं काय व्हईल?"

"अहवालात मी सगळं लिहीन. कुंपण, गवत, बंद खोल्या. तेवीस मुलांवर त्या दिवशी एकच शिक्षक होता, कारण दुसरीला आम्ही प्रशिक्षणाला बोलावलं होतं. आणि तो एकटा जेवणाच्या सुट्टीत फोनवर होता, कारण पटाची माहिती आमच्याच ऑफिसनं मागितली होती. मुलं मोजत बसलो आणि मुलांकडे बघायला कुणी उरलं नाही. हे सगळं लिहीन."

सरांनी चष्मा पुसला. "गावाला मी स्वतः सांगतो," ते म्हणाले. "उद्याच."

६

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात माणसं मावत नव्हती. सरांनी काही लपवलं नाही. झाडं मी लावली, सुट्टीत माझं लक्ष नव्हतं, खिचडीचा दोष नाही, भामाबाईंचा नाही. भामाबाईंनी पालीचं स्वतः सांगितलं. बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "आता कशावरून खरं मानायचं? बाईला वाचवायला सर बोलत असतील."

विशाखाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी नानासाहेबांकडे बघितलं. "नानासाहेब, तुमचा नातू ओकला. त्या दिवशी त्यानं खिचडी खाल्ली होती का?"

नानासाहेबांच्या मागे मेघा उभी होती. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती.

"नाय," शेवटी नानासाहेब म्हणाले. "त्यानं डबा खाल्ला होता." आणि थोड्या वेळानं, खाली बघून, "मला ते पयल्याच दिशी ठाव होतं."

बानाबाई उठली. तिनं भामाबाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "माझी नात तुझ्यामुळं वाचली, बाई. पाल ठेवलीस ते येडेपण केलंस. पन दवाखान्यात निरोप धाडलास, ते मी मरस्तोवर इसरणार नाय." मग ती गर्दीकडे वळली. "कुदळी आणा. बघता काय?"

त्या दुपारपर्यंत एक झाड उभं राहिलं नाही. रामप्रसादनं व्हॅन बाजूला लावून मुळं उपटली. मागच्या खोल्यांच्या फळ्या काढल्या, एका खोलीत मी तिसरी-चौथी नेली, आणि शिकवता शिकवता मला मैदान दिसायला लागलं. सरांना लेखी ताकीद आली. ती त्यांनी शांतपणे घेतली. भामाबाईंना कामावरून कुणी काढलं नाही. मुलं आठवड्यात परतली, एक सोडून सगळी. पुढच्या सोमवारी शिवतेज डबा न घेता आला आणि पंगतीत बसला. भामाबाईंनी त्याला वाढलं, आणि दोनदा वाढलं.

विशाखाबाई निघाल्या तेव्हा मी त्यांना धन्यवाद म्हणायला गेले. त्यांनी काही घ्यायला नकार दिला होता. पण बानाबाईनं रिक्षात सीताफळांची पाटी ठेवून दिली होती आणि रिक्षावाल्याला दम भरला होता की परत आणायची नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी दारात रामप्रसाद उभा होता. गाडी नव्हती, चालतच आला होता, आणि त्याच्या बोटाला त्याची मुलगी होती. ती इंग्रजी शाळेत जायची. तिथं तिची पहिलीची इयत्ता पुरी झाली होती.

"नाव घालायचंय," तो म्हणाला.

"तुझ्या शाळेतून काढतोस?" सरांनी विचारलं.

"तिथं एका वर्गात साठ पोरं हायेत, सर. मी रोज सोडतो, मला माहीत हाय. गेल्या साली पोरगी तापानं आठवडाभर घरी होती. कुणी विचारलं नाय, कुठं हाय म्हणून. तुमी त्या दिशी गाडीत एकेका पोराचं नाव घेऊन त्याला जागं ठेवत होता. मी आरशातून बघत होतो."

सरांनी पटाचं रजिस्टर पुढं ओढलं. मी मुलीला आत नेलं आणि तिचं नाव विचारलं. "रुक्साई," ती म्हणाली, इतक्या हळू, की मला वाकावं लागलं.

वर्गात जागा भरपूर होती. तरी कावेरी बाकावर सरकली, तिला आपल्याजवळ बसवून घेतलं, आणि आपल्या शेळ्यांची नावं सांगायला लागली.